मंगळावरचा वड

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावानं रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. करड्या-तपकिरी जमिनीवर काळसर फांद्या फुटलेल्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या, आणि मधोमध बुंध्यासारखा जाड ठिपका. खाली मजकूर, ‘मंगळावर जंगल! नासानं वीस वर्षं दडवलेला फोटो.’ त्याखाली त्याचा स्वतःचा प्रश्न, ‘खरं का रे? तू असलं लिहितोस म्हणून विचारतो.’

फोटो खरा होता. हे आधी सांगून टाकतो, कारण असं काही आलं की आपण ‘फोटोशॉप असेल’ म्हणून मोकळे होतो, आणि इथे तेच चुकतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं तो टिपला होता आणि नासानंच तो जगासाठी खुला केला होता. आजही तो कुणालाही फुकट पाहता येतो. म्हणजे दडवादडवीचा आरोप निकालात निघाला. खोट होती ती फोटो वाचण्यात. आकाशातून काढलेला फोटो हा घरच्या लग्नाच्या फोटोसारखा ‘पाहायचा’ नसतो, तो एक्स-रेसारखा वाचावा लागतो. हे वाचन चार-दोन शास्त्रज्ञांपुरतं ठेवून भागणार नाही, असं माझं मत आहे. त्याचं कारण मंगळावर नाही, आपल्याच शेतात आहे. तिथे शेवटी येतो.

आधी त्या झाडांकडे.

ही कथा पंचवीस वर्षांची जुनी आहे. २००१ साली विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानानं पाठवलेले दक्षिण ध्रुवाजवळचे फोटो पाहिले आणि जाहीरपणे सांगितलं की इथे वनस्पतीसारखं काहीतरी असावं. त्यांनी उपमा दिली वडाची. क्लार्क म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. भूस्थिर कक्षेतल्या उपग्रहांवरून जगभर संदेशवहन करता येईल, हे १९४५ सालीच लिहून ठेवणारा माणूस. ते कोलंबोत राहत, त्यामुळे त्यांना वड आठवला यात नवल नाही. त्यांच्याआधी शंभर वर्षं, जगात मोठमोठे कालवे खोदले जात होते त्या काळात, पर्सिव्हल लोवेल या अमेरिकी गृहस्थाला दुर्बिणीतून मंगळावर कालवे दिसले होते. माणूस आपल्या ओळखीचंच काही दूरवर पाहतो.

क्लार्क यांचा मुद्दा नुसत्या आकारावर उभा नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्या भागात ऋतूंप्रमाणे काहीतरी बदलतं, वसंतात उमटतं आणि पुढे पुसलं जातं, हे त्यांनी हेरलं होतं. निरीक्षण अचूक होतं. चुकला तो अर्थ.

मग ते आकार आहेत तरी कसले? मंगळाची हवा अतिशय विरळ. दाब आपल्याकडच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ध्रुवावर हिवाळ्यात कित्येक महिने सूर्य उगवत नाही. तापमान उणे १२५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरतं आणि हवाच गोठून जमिनीवर बसते. लग्नाच्या स्टेजवर वधूवरांच्या पायाशी धूर सोडायला जो ड्राय आइस वापरतात, तोच हा पदार्थ. त्याचा सुमारे मीटरभर जाडीचा, काचेसारखा अर्धपारदर्शक थर तिथे जमतो. वसंतात सूर्य क्षितिजावर डोकावला की ऊन या थरातून आरपार जातं आणि खालची काळी माती तापवतं. बर्फ खालच्या बाजूनं सुटायला लागतो. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ पाण्यासारखा वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. वर घट्ट झाकण, खाली कोंडलेला वायू. स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला पुढचं सांगायला नको.

थर कुठेतरी तडकतो आणि वायू शिटीसारखा उसळतो. ताशी १६० किलोमीटरच्या वेगानं तो निघत असावा, असा अंदाज आहे. सोबत धूळ आणि वाळू येते, ती बर्फावर पडून काळे डाग उमटतात. वारा असेल तर डाग हातपंख्यासारखा पसरतो. इकडे बर्फाखाली, चहूबाजूंनी त्या भोकाकडे धावणारा वायू वाटेतली माती खरवडत नेतो. असं वर्षानुवर्षं झालं की जमिनीत चर पडतात, बाहेरून आत येणारे, एका मध्याशी मिळणारे. काहींचा विस्तार काही दहा मीटर, काहींचा किलोमीटरभर. हेच आपले वड. शास्त्रज्ञांच्या बोलीत त्यांना ‘कोळी’ म्हणतात. ही उपपत्ती ह्यू किफर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये मांडली.

आता कुणी म्हणेल, तुमची ही कुकरची गोष्टसुद्धा एक गोष्टच की! झाडाची गोष्ट सोडून ही का मानायची? प्रश्न रास्त आहे, आणि सगळ्या लेखाचा जीव याच प्रश्नात आहे.

पहिलं उत्तर तापमानाचं. मार्स ओडिसी यानावरच्या उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यानं त्या काळ्या डागांचं तापमान घेतलं. आधी वाटत होतं की बर्फ उडून गेल्यावर उघडी पडलेली जमीन म्हणजे हे डाग. तसं असतं तर ते उन्हानं बरेच तापलेले दिसले असते. पण डाग जवळजवळ बर्फाइतकेच थंड निघाले. म्हणजे काळं जे काही आहे ते बर्फाला चिकटून बसलेलं पातळ धुळीचं पूट आहे. बर्फ खाली शाबूत आहे.

दुसरं उत्तर वेळेचं, आणि ते मला सगळ्यात पटणारं वाटतं. हे डाग वसंताच्या अगदी सुरुवातीला, जमिनीवर अजून उणे सव्वाशेचा गारठा असताना उगवतात, आणि उन्हाळा आला, बर्फ गेला की दिसेनासे होतात. मागे उरतात ते फक्त चर. कुठलंही झाड हिशेब उलटा मांडेल. ऊब येईल तेव्हा फुटेल, थंडीत मिटेल. क्लार्क म्हणाले ऋतूप्रमाणे बदलतं, ते बदलतंच, पण झाडाला नको त्या ऋतूत.

तिसरं उत्तर प्रयोगशाळेचं. २०२४ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत लॉरेन मॅककीऑन आणि सहकाऱ्यांनी मंगळासारखी माती, मंगळाइतका कमी दाब आणि तशीच थंडी एका पिंपाएवढ्या पात्रात उभी केली, मातीवर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ जमवला आणि खालून हळूहळू ऊब दिली. बर्फ फुटला, वायू उसळला आणि मातीत कोळ्यासारखी नक्षी उमटली. ‘मंगळावर असंच होतं’ हे एवढ्यानं सिद्ध होत नाही. पण असं होऊ शकतं, आणि त्यासाठी कुठलाही जीव लागत नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

झाडाच्या बाजूनं या तीन प्रकारचं एकही उत्तर आजवर आलेलं नाही. ‘दिसतं तर झाडासारखंच’ एवढंच आलं आहे.

या दिसण्याबद्दल थोडं थांबून बोलू, कारण फसतो तो इथेच. मामेभावानं पाठवलेल्या फोटोत त्याला फांद्या जमिनीच्या वर उठलेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात ते खोल चर होते. उंचवटा आणि खळगा यांची अदलाबदल आपल्या मेंदूकडून सहज होते. प्रकाश वरून येतो, हे मेंदूनं जन्मभर गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे फोटोत वरची कड उजळ आणि खालची कड सावलीत असेल तर तो उंचवटा समजतो, उलट असेल तर खड्डा. यानाच्या फोटोत मात्र सूर्य डावीकडे असेल, उजवीकडे असेल, खालच्या बाजूलाही असेल. चंद्रावरच्या विवरांचा कुठलाही फोटो घ्या आणि मोबाइल फिरणार नाही असा लॉक करून उलटा धरा. बहुतेकांना विवरांच्या जागी फुगे दिसू लागतात. म्हणून अशा फोटोला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘हे काय आहे’ हा नव्हे, ‘ऊन कुठून येतंय’ हा. ते कळलं की फांदीची सावली फांदीच्या बाहेर पडते की आत, हे पाहता येतं. शंभर मीटर पसरलेला वड खरोखर असता, तर ध्रुवाजवळच्या कलत्या उन्हात त्याची लांबलचक सावली पडली असती. ती कुठल्याच फोटोत नाही.

दुसरी फसवणूक रंगाची. २०१० च्या सुमारास मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या वाळूच्या टेकड्यांचा एक फोटो वर्तमानपत्रांतून फिरला होता. गुलाबी टेकड्यांवर सुरूच्या झाडांची रांग उभी असावी, असा हुबेहूब भास. प्रत्यक्षात बर्फ सुटताना उतारावरून घरंगळलेल्या काळ्या वाळूचे ते ओघळ होते. फोटो काढणारा हायराइज नावाचा कॅमेरा जमिनीवरचा २५-३० सेंटिमीटरचा तुकडा एका ठिपक्यात टिपतो, इतका तीक्ष्ण. पण त्याचे रंग आपल्या डोळ्यांचे रंग नाहीत. आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही त्यात धरलेला असतो आणि फरक उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम ताणलेले असतात. अशा फोटोतला निळा-हिरवा पट्टा पाहून शेवाळ ठरवणं म्हणजे नकाशावर महाराष्ट्र पिवळा रंगवला आहे म्हणून इथली माती पिवळी समजण्यासारखं आहे.

फसलेल्यांना हसण्याचं मात्र कारण नाही. ज्यांचा व्यवसायच मोजमापाचा, तेही इथे घसरले आहेत. मंगळाच्या काळसर पट्ट्यांचा रंग दुर्बिणीतून हिरवट दिसे. दर वसंतात ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे ते गडद होत जात. बर्फ वितळतो, पाणी उतरतं, रान हिरवं होतं, असा सरळ अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक गंभीर लोक लावत होते. हिरवटपणा हा शेजारच्या नारिंगी रंगामुळे डोळ्याला होणारा भ्रम होता, आणि गडद होणं हा वाऱ्यानं धूळ इकडची तिकडे नेण्याचा खेळ. १९७१ साली मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि वर्षभर फोटो काढत राहिलं, तेव्हा ते नीट उमगलं.

त्या काळातली दोन माणसं मला नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

एक गाव्रिइल तिखोव. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ. १९४७ साली अल्मा-अता इथे त्यांनी ‘खगोल-वनस्पतिशास्त्र’ नावाचा विभागच सुरू केला. पृथ्वीवरची पानं अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात, तर मंगळाचे काळे पट्टे तसं करत नव्हते. म्हणजे तिथे वनस्पती नाहीत? तिखोव म्हणाले, मंगळ थंड आहे, तिथल्या वनस्पतींना ऊब वाया घालवून चालत नाही, म्हणून त्या अवरक्त प्रकाश शोषून घेत असणार. त्यांनी थंड प्रदेशातल्या झाडांवर मोजमापंही केली. कल्पना बुद्धिमान आहे. पण नीट पाहा, खूण सापडली असती तरी वनस्पती, आणि सापडली नाही तरी वनस्पतीच.

दुसरे विल्यम सिंटन, अमेरिकी. १९५० च्या दशकात त्यांनी मंगळाच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. अवरक्त पट्ट्यात, सुमारे साडेतीन मायक्रॉनच्या आसपास, प्रकाश शोषला गेल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. कार्बन-हायड्रोजन बंध असलेले सेंद्रिय पदार्थ असंच करतात. १९५९ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी मंगळावरच्या वनस्पतींचा आणखी पुरावा म्हणून तो निबंध छापला. पुढे शंका निघाल्या. १९६५ साली उत्तर आलं, की त्यातल्या मुख्य खुणा मंगळाच्या नव्हेतच, त्या आपल्याच हवेतल्या पाण्याच्या आहेत. पाण्याच्या काही रेणूंत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम असतो. मंगळाचा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याआधी पृथ्वीच्या हवेतून येताना त्या रेणूंनी त्यावर ठसा उमटवला होता. हा खुलासा छापणाऱ्या तीन लेखकांपैकी एक नाव सिंटन यांचं होतं. आपल्या हयातीतला सर्वांत गाजलेला शोध आपल्याच हातानं खोडून त्याखाली सही करायची, याला काय लागतं ते प्रत्येकानं आपल्या मनाशी ठरवावं. माझ्या लेखी सिंटन यांचा तो दुसरा निबंध पहिल्यापेक्षा मोठा आहे.

त्याच १९६५ च्या जुलैत मरिनर ४ मंगळाजवळून गेलं. त्यानं २१ पूर्ण आणि एक अर्धवट फोटो पाठवले, मंगळाचा जेमतेम एक टक्का भाग त्यात आला. विवरंच विवरं, चंद्रासारखी. मंगळ मृत आहे, असा बोलबाला झाला. इथे कार्ल सेगन यांनी उलटा प्रश्न काढला. इतक्याच ढोबळ फोटोंत आपली पृथ्वी तरी जिवंत दिसेल का? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टायरॉस आणि निंबस या हवामान उपग्रहांचे, किलोमीटरभर तपशिलाचे हजारो फोटो तपासले. माणसाचा, शेतीचा, शहरांचा मागमूस जवळजवळ नाही. जी मोजकी चिन्हं सापडली त्यांत कॅनडातल्या बर्फाळ जंगलात लाकूडतोडीनं पडलेले चौकडीचे पट्टे होते. १९६६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे फोटोत झाड दिसलं म्हणून झाड असतंच असं नाही, आणि झाड दिसलं नाही म्हणून ते नसतंच असंही नाही.

पुढे सेगन यांनी हीच परीक्षा अधिक चांगल्या उपकरणांनी घेतली. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीजवळून गेलं. पृथ्वीबद्दल काहीच माहीत नाही असं समजून त्यांनी यानाच्या नोंदी वाचल्या. हवेत भरपूर ऑक्सिजन, आणि त्याच हवेत मिथेन. ही दोन एकत्र फार काळ टिकत नाहीत, कुणीतरी सतत पुरवठा करत असलं पाहिजे. शिवाय जमिनीच्या मोठ्या भागावर तांबडा प्रकाश खाणारं, कुठल्याही ओळखीच्या खनिजाशी न जुळणारं एक द्रव्य. आणि निसर्गात बनत नाहीत असे रेडिओ संदेश. १९९३ साली ‘नेचर’मध्ये हे आलं. दुसऱ्या ग्रहावर वनस्पती शोधायच्या तर काय मागायचं, याची यादी त्या निबंधात आहे, आणि त्या यादीत ‘झाडासारखा आकार’ नाही.

तांबडा प्रकाश खाणारं द्रव्य म्हणजे अर्थातच पानांतलं हरितद्रव्य. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं, फार तर पाच-सात टक्के परतवतं. पण तांबड्याच्या पलीकडे, ०.७ मायक्रॉन ओलांडताच, तेच पान एकदम निम्म्याच्या आसपास प्रकाश परत फेकू लागतं. आलेखात ही उडी एखाद्या कड्यासारखी दिसते. आपल्या डोळ्यांना अवरक्त दिसत असतं तर श्रावणातलं भाताचं शेत आपल्याला बर्फासारखं झगझगीत दिसलं असतं. उपग्रह पीक पाहतात ते याच उडीवरून. जुन्या भारतीय उपग्रह प्रतिमा पाहिल्या असतील तर आठवेल, त्यात जंगल आणि पीक लालभडक दिसतं, कारण न दिसणाऱ्या अवरक्ताला तिथे तांबडा रंग दिलेला असतो. हिरवळ शोधायची तर लाल शोधावी लागते.

मंगळाभोवती मार्स एक्स्प्रेस आणि मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यांवरच्या वर्णपटमापकांनी वर्षानुवर्षं हाच पट्टा तपासला. लोहाची खनिजं, चिकणमाती, बर्फ, मिठं यांचे सुंदर नकाशे बनले. पानाची उडी कुठेही मिळाली नाही. परक्या वनस्पतीचं रंगद्रव्य आपल्या हरितद्रव्यासारखंच असेल असं नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. उलट अशी उडी फक्त पानंच मारतात असंही नाही. हिंगूळ आणि गंधक यांच्या वर्णपटातही वेगळ्या जागी तीव्र कडा असतात. म्हणूनच एका खुणेवर कुणी विसंबत नाही.

मग सगळेच दावे उडवून लावायचे का? मुळीच नाही. २००१ च्याच सुमारास हंगेरीतल्या काही शास्त्रज्ञांनी त्याच ध्रुवीय डागांबद्दल बर्फाखाली सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव असू शकतील, अशी मांडणी केली होती. ती आज फारशी मानली जात नाही, पण मला ती गैर वाटत नाही. आपलं म्हणणं कशानं खोटं ठरेल हे त्यात तपासता येत होतं. सामान्य माणसानं या खेळापासून दूर राहावं असंही नाही. ‘प्लॅनेट फोर’ या २०१३ पासूनच्या प्रकल्पात दहा हजारांहून अधिक हौशी लोकांनी घरबसल्या हे डाग आणि कोळी मोजले, आणि जिथे अपेक्षा नव्हती अशा जागी कोळी शोधून दिले. ते लोकही माझ्या मामेभावासारखेच होते. फरक एवढाच की फोटोसोबत त्यांना मोजपट्टी दिली होती.

माझी तक्रार आहे ती मोजपट्टी न देता फोटो सोडणाऱ्यांबद्दल. त्यात अवकाशसंस्था आल्या आणि आम्ही वर्तमानपत्रवालेही आलो. संस्थांना लोकांचं लक्ष हवं असतं, म्हणून कोळी, झाडं, चेहरे अशी टोपणनावं लावून फोटो प्रसिद्ध होतात. खुलासा चौथ्या परिच्छेदात असतो, आणि फोटो फिरतो तो एकटाच. प्रत्येक फोटोच्या चौकटीतच तीन गोष्टी छापल्या जाव्यात, एवढीच मागणी आहे. किती मीटरचा भाग आहे, ऊन कुठल्या बाजूनं आहे आणि रंग खरे की दिलेले. आणि आम्ही मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून सुटका करून घेणं बंद करावं. जीवसृष्टीच्या दाव्यांसाठी २०२१ साली नासाच्या शास्त्रज्ञांनीच सात पायऱ्यांची एक शिडी सुचवली आहे. पहिली पायरी संकेत मिळाल्याची, दुसरी तो दूषित नाही याची खात्री, आणि अशा चढत्या पुढच्या. बातमी कितव्या पायरीवरची आहे हे लिहायला एक ओळ लागते. सिंटन यांचा पुरावा दुसऱ्याच पायरीवर अडला असता, संकेत आपल्याच हवेचा निघाला म्हणून. मंगळावरचे वड तर पहिली पायरीही नीट चढत नाहीत.

आता आपल्या शेताकडे.

देशातल्या वनांचा दर दोन वर्षांचा अहवाल उपग्रह प्रतिमांवरून तयार होतो. त्यात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांचं छत्र दहा टक्के वा जास्त आहे, ती वनाच्छादनात धरतात. मालकी कुणाची, झाडं कुठली, याचा विचार नाही. म्हणजे कोकणातली हापूसची कलमं आणि काजूच्या बागासुद्धा त्यात येतात. ही व्याख्या अहवालात स्पष्ट लिहिलेली असते, लपवाछपवी नाही. पण ‘वनं वाढली’ या मथळ्यात ती नसते. सह्याद्रीतली देवराई तोडून काजू लावला, तर थोड्या वर्षांनी आकाशातून हिशेब बरोबरच दिसेल.

पीक विम्यात तर प्रश्न थेट खिशाचा आहे. नुकसान ठरवायला गावोगाव पीक कापणी प्रयोग होत आले आहेत. आता उत्पन्नाच्या अंदाजासाठी उपग्रहाच्या नोंदीही जोडीला घेतल्या जात आहेत. माझा त्याला विरोध नाही. कापणी प्रयोगांतल्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत ते विरोध करणारही नाहीत. पण उपग्रह हिरवेपणा मोजतो, दाणा नाही. सततच्या पावसात तण माजलेलं सोयाबीनचं रानही वरून हिरवंगार दिसतं. शेंगा भरल्या की नाही हे बांधावर जाऊनच कळतं. उपग्रहाच्या शास्त्रात या बांधावर जाण्याला फार मान आहे. नमुन्यादाखल ठरावीक जागी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय कुठलाही नकाशा पक्का धरत नाहीत. मंगळावर जाऊन पाहणं महाग आहे, म्हणून तिथे तापमान, वेळ, सावली, वर्णपट आणि प्रयोगशाळा अशा आडवाटांनी जावं लागतं. इथे बांध दोन किलोमीटरवर असतो. तरीही उद्या एखाद्या शेतकऱ्याला ‘सॅटेलाइटवर तुमचं पीक उत्तम दिसतंय’ असं सांगितलं गेलं, तर कोणत्या तारखेची प्रतिमा, एका ठिपक्यात किती जमीन, माझ्या गावात प्रत्यक्ष येऊन कुठे पाहिलंत, हे तीन प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत, आणि समोरच्यानं त्यांची उत्तरं दिली पाहिजेत. आज अशी उत्तरं देण्याची सोय करणं राहूनच जातं.

मामेभावाला मी त्या रात्री एवढं सगळं लिहिलं नाही. ‘ऊन डावीकडून आहे, आता फांद्या नीट बघ,’ एवढंच कळवलं. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, ‘अरे, हे तर ओघळ आहेत. आमच्या वरच्या तुकड्यात पावसाळ्यानंतर पडतात तसे.’ मग आणखी एक, ‘पण पाणी नाही ना तिथे?’

त्याला ड्राय आइसचं सांगायला मी दुसऱ्या दिवशी फोन केला.